लिनक्सवर वाय-फाय चालत नाही, तेव्हा दोष नेमका कुठे शोधावा

जुन्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स टाकले जाते, स्थापना विनाअडथळा पार पडते, पडदा स्वच्छ दिसतो, आवाजही येतो, आणि मग कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारल्यावर लक्षात येते की तिथे वाय-फायचा पर्यायच नाही. अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉपच्या मॉडेलचे नाव इंटरनेटवर शोधतात, सापडतील त्या चार-सहा आज्ञा अर्थ न कळता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, चिकटवतात आणि एका बिघाडाचे तीन बिघाड करून बसतात. खरे तर वाय-फाय न चालण्याची कारणे मोजकी आहेत आणि लिनक्स ती लपवतही नाही. बहुतेक अपयशांची नोंद ते कुठे ना कुठे करून ठेवते. ती नोंद कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहायची, एवढे ठाऊक असले की निम्मे काम होते.

सोसायटीतल्या एखाद्या घरी नळाला पाणी आले नाही, तर जाणता माणूस आधी तोटी बदलत नाही. तो शेजारी पाणी आहे का विचारतो, गच्चीवरच्या टाकीत डोकावतो आणि पंप चालू आहे का पाहतो. वाय-फायही असेच टप्प्याटप्प्याने आपल्यापर्यंत पोहोचते. सर्वांत तळाशी कार्ड, म्हणजे प्रत्यक्ष यंत्र असते आणि ते पीसीआय एक्स्प्रेस किंवा यूएसबी या मार्गाने संगणकाला जोडलेले असते. त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, असतो. बहुतेक कार्डांच्या आत एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारे फर्मवेअर दर वेळी संगणक सुरू झाल्यावर ड्रायव्हर त्याच्यात भरतो. त्यावरच्या पायरीवर पासवर्डाची बोलणी करणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट, त्याला आदेश देणारा नेटवर्क मॅनेजर, मग राउटरकडून मिळणारा आयपी पत्ता आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा, अशी ही उतरंड आहे. खालचे मडके फुटलेले असताना वरची मडकी कितीही नीट लावली तरी उपयोग नसतो, म्हणून शोध नेहमी खालून वर न्यावा.

तत्पूर्वी आपली तक्रार नेमकी कोणती आहे ते स्वतःलाच विचारावे. ‘वाय-फाय चालत नाही’ या एका वाक्याखाली किमान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल तर दोष कार्ड, ड्रायव्हर किंवा फर्मवेअर या खालच्या पायऱ्यांवर असतो. आजूबाजूची नेटवर्के यादीत दिसतात पण जोडणी होत नाही, असे असेल तर खालचे सगळे ठीक आहे आणि अडचण पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार किंवा नेटवर्क मॅनेजर यांपैकी कुठे तरी आहे. जोडणी होते पण पान उघडत नाही, किंवा दर दहा मिनिटांनी तुटते, ही तिसरी तक्रार आणि तिची कारणे पुन्हा निराळी. ज्याला नेटवर्कांची यादी दिसते आहे त्याने ड्रायव्हर बदलत बसणे हे बहुतेक वेळा वाया जाणारे श्रम असतात.

आणखी एक व्यावहारिक अडचण सुरुवातीलाच सोडवून टाकावी. वाय-फाय दुरुस्त करण्यासाठी इंटरनेट लागते आणि इंटरनेट वाय-फायवरच येणार असते. लॅनची केबल असेल तर प्रश्नच नाही. पण हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना ते छिद्र नसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्सला हा फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. फोन स्वतः घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर मोबाइलचा डेटाही बहुधा खर्च होत नाही.

या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायची असतात.

आधी बटण, मग बाकी सगळे

अनेक लॅपटॉपांवर वाय-फाय बंद-चालू करणारे एक बटण असते. काहींवर ते एफएन कळीसोबत दाबायच्या कळीवर असते, तर जुन्या लॅपटॉपांवर पुढच्या कडेला सरकवण्याची बारीकशी पट्टी असते. मी एकदा एक पूर्ण संध्याकाळ फर्मवेअरच्या फायली शोधण्यात घालवली होती आणि शेवटी लॅपटॉप उचलून ठेवताना ती पट्टी बोटाला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तेव्हापासून टर्मिनल उघडल्यावर ‘आरएफकिल लिस्ट’ हीच आज्ञा मी सर्वप्रथम देतो.

ही आज्ञा प्रत्येक बिनतारी उपकरणासमोर दोन ओळी दाखवते. पहिली ओळ सॉफ्ट ब्लॉकची, म्हणजे प्रणालीने सॉफ्टवेअरमधून घातलेल्या बंदीची. ती ‘होय’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या आज्ञेने उठते. विमान मोड चुकून सुरू राहिल्याचाच हा प्रकार असतो. दुसरी ओळ हार्ड ब्लॉकची, म्हणजे प्रत्यक्ष बटणाने घातलेल्या बंदीची, आणि ती कोणत्याही आज्ञेने उठत नाही. मात्र इथे एक मेख आहे. बटण नसलेल्या काही लॅपटॉपांवरही हार्ड ब्लॉक दिसतो, कारण लॅपटॉपच्या विशेष कळ्या हाताळणारे वेगळे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा सुटा भाग, अस्तित्वात नसलेले बटण ‘बंद’ असल्याचे कळवते. लेनोव्होच्या आयडियापॅड मालिकेतील काही मॉडेलांवर ‘आयडियापॅड लॅपटॉप’ नावाच्या मॉड्यूलमुळे असे घडत असे आणि ते मॉड्यूल काळ्या यादीत टाकल्यावर, म्हणजे ते आपोआप चढू नये अशी नोंद केल्यावर, वाय-फाय जिवंत होई. नव्या कर्नलांमध्ये अशा बऱ्याच मॉडेलांसाठी दुरुस्ती झालेली आहे.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर नांदत असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि काही उपकरणे अर्धवट अवस्थेत सोडली जातात. मग लिनक्स सुरू झाले की कार्ड दिसते, पण ड्रायव्हरला दाद देत नाही. विंडोजमध्ये ही सोय बंद करावी, किंवा निदान एकदा शिफ्ट कळ धरून शट डाउन करून पाहावे. काल चालणारे वाय-फाय आज काहीही न बदलता गायब झाले असेल तर या कारणाचा संशय आधी घ्यावा.

कार्डाचे खरे नाव

लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा यूएसबी डोंगलच्या, म्हणजे बाहेरून खोचायच्या वाय-फाय कार्डाच्या, वेष्टनावर जे नाव असते ते विक्रेत्याचे असते. लिनक्सला त्या नावाशी काहीही देणेघेणे नसते. त्याला आतली चिप कोणाची आणि कोणती एवढेच कळते. याचे ठळक उदाहरण म्हणजे टीपी-लिंक कंपनीचे टीएल-डब्ल्यूएन 722 एन हे लोकप्रिय डोंगल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर 9271 ही चिप होती आणि तिचे फर्मवेअरसुद्धा मुक्त असल्याने ती लिनक्सवर विनातक्रार चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या, जवळपास त्याच रूपाच्या डोंगलमध्ये रिअलटेकची निराळी चिप आली आणि तिचा ड्रायव्हर पूर्णपणे वेगळा. ‘माझ्या मित्राकडे तेच डोंगल चालते’ हा दाखला म्हणूनच पुरेसा नसतो.

खरे नाव कळण्यासाठी आतल्या कार्डाकरिता ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह द्यावी आणि डोंगलकरिता ‘एलएसयूएसबी’ द्यावी. पहिल्या आज्ञेच्या उत्तरात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असा उल्लेख असलेली ओळ शोधली की तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार चिन्हांच्या दोन संख्या दिसतात. पहिली संख्या उत्पादकाची आणि दुसरी उपकरणाची. 8086 म्हणजे इंटेल, आणि हा आकडा त्या कंपनीने 1978 मध्ये आणलेल्या 8086 या प्रोसेसरची आठवण करून देतो. 14ई4 म्हणजे ब्रॉडकॉम, 10ईसी म्हणजे रिअलटेक, 168सी म्हणजे अथेरॉस आणि 14सी3 म्हणजे मीडियाटेक. मदत शोधताना लॅपटॉपच्या मॉडेलऐवजी ही जोडी शोधावी. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

याच उत्तरात खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी एक ओळ असते, किंवा नसते. ती नसेल तर कार्ड दिसले पण त्याला सांभाळणारा ड्रायव्हर लाभला नाही, असा अर्थ. ती असेल आणि तरीही वाय-फाय नसेल, तर ड्रायव्हर पोहोचला पण त्याचे पुढे काही तरी अडले. आणि कार्डाची नोंदच यादीत नसेल, तर ते बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेले आहे, खाचेतून सैल झाले आहे किंवा जळाले आहे. लिनक्सला यात दोष देता येत नाही.

यूएसबी डोंगलच्या बाबतीत एक गमतीदार प्रकार आढळतो. काही स्वस्त डोंगले जोडल्यावर स्वतःला वाय-फाय कार्ड म्हणून नव्हे, तर सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि तो बसवला जावा अशी उत्पादकाची अपेक्षा असते. रिअलटेकच्या चिपा असलेली अनेक डोंगले ‘एलएसयूएसबी’मध्ये 0बीडीए:1ए2बी अशी ओळख सांगतात, ती हीच अवस्था. ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज त्यांना सीडीचे सोंग टाकायला लावते. फाइल व्यवस्थापकात दिसणारी ती ‘सीडी’ इजेक्ट केल्यानेही कधी कधी काम भागते.

ड्रायव्हर, कर्नलचे वय आणि फर्मवेअर

विंडोजवर ड्रायव्हर हा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवण्याचा पदार्थ असतो. लिनक्सवर बहुतेक ड्रायव्हर कर्नलचाच भाग असतात आणि कर्नलबरोबर येतात. याचा लाभ असा की चालणारे कार्ड वर्षानुवर्षे चालत राहते. तोटा असा की कार्ड कर्नलपेक्षा वयाने लहान असेल तर ते ओळखलेच जात नाही. इंटेलच्या एएक्स 210 कार्डाला कर्नल 5.10 पासून आधार मिळाला, मीडियाटेकच्या एमटी 7921 ला 5.12 पासून, आणि रिअलटेकच्या वाय-फाय 6 चिपांसाठीचा ‘आरटीडब्ल्यू 89’ हा ड्रायव्हर 5.16 मध्ये आला. आता लिनक्सच्या वितरणांपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, डेबियन 11 चा मूळ कर्नल 5.10 आणि उबुंटू 22.04 चा 5.15, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या लॅपटॉपवर जुनी स्थिर आवृत्ती टाकणाऱ्यांची फजिती का होते ते उमगते. इतर आज्ञांच्या मागे न लागता नवा कर्नल घेणे हाच तिथे उपाय असतो: उबुंटूवर हार्डवेअर सक्षमीकरणाचा कर्नल, डेबियनवर बॅकपोर्टमधला, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेला नवा कर्नल. आपला कर्नल कितवा आहे हे ‘यूनेम’ ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह दिल्यास कळते.

ही शंका फेडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एखाद्या अगदी ताज्या वितरणाची लाइव्ह यूएसबी, म्हणजे स्थापना न करता पेनड्राइव्हवरून थेट चालणारी प्रत, तयार करून लॅपटॉप तिच्यावरून सुरू करणे. तिथे वाय-फाय लगेच दिसले तर कार्ड निर्दोष आहे आणि जुना कर्नल किंवा गहाळ फर्मवेअर एवढाच प्रश्न उरतो. अर्ध्या तासाच्या या प्रयोगाने दोन दिवसांचे अंदाज वाचतात, तरी तो फार थोडे लोक करतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, ही अवस्था ओळखण्यासाठी कर्नलची रोजनिशी वाचावी लागते. तिची आज्ञा डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची. ती प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी आणि उत्तरात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. अमुक फाइल भरता आली नाही आणि त्रुटी वजा 2, असा मजकूर सापडला तर निदान पक्के झाले, कारण वजा 2 चा अर्थ फाइल जागेवर नाही इतकाच आहे. कोणती फाइल हवी तिचे नावही त्याच ओळीत असते. ती फाइल ‘लिब’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’ या उपफोल्डरात असायला हवी. ती हाताने आणून टाकण्याऐवजी वितरणाचे फर्मवेअरचे पॅकेज बसवावे किंवा अद्ययावत करावे. एकाच कार्डासाठी अनेक क्रमांकांची फर्मवेअरे असू शकतात. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हर आधी सर्वांत नवी फाइल मागतो आणि ती नसली तर एकेक क्रमांक खाली उतरत जातो, त्यामुळे रोजनिशीत अपयशाच्या चार-पाच ओळी दिसूनही शेवटी कार्ड व्यवस्थित चाललेले असते. घाबरण्यापूर्वी शेवटची ओळ वाचावी.

फर्मवेअर गहाळ असण्यामागे काही वेळा तांत्रिक नव्हे, तर तात्त्विक कारण असते. ही फर्मवेअरे बहुधा उत्पादकांची बंदिस्त मालमत्ता असतात. ती वाटता येतात, पण त्यांचा मूळ स्रोत कोणाला दिसत नाही. डेबियन प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येबाबत कडक असल्याने त्याच्या अधिकृत स्थापनेच्या प्रतीत अनेक वर्षे ती समाविष्ट नसत आणि ऐन स्थापनेच्या मध्यावर ‘फर्मवेअर असलेला पेनड्राइव्ह जोडा’ अशी विचारणा होई. 2022 मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून अधिकृत प्रतीतच फर्मवेअर मिळू लागले. तत्त्वाशी ही तडजोड झाली, हे खरे. पण इंटरनेटच न मिळालेला नवखा माणूस मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता होण्याआधीच विंडोजकडे परत जात होता, हेही तितकेच खरे होते.

ब्रॉडकॉमची कार्डे हा स्वतंत्र विषय आहे. कंपनीने आपल्या जुन्या चिपांची माहिती दिली नाही, म्हणून स्वयंसेवकांनी बंदिस्त ड्रायव्हरचे वर्तन पाहून, उलट अभियांत्रिकी करून ‘बी 43’ हा ड्रायव्हर उभारला. सप्टेंबर 2010 मध्ये कंपनीने काही चिपांसाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर जाहीर केला. तरीही काही चिपा अशा उरल्या की त्यांना ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. जुन्या लॅपटॉपांत आढळणारी 14ई4:4365 या ओळखीची बीसीएम 43142 चिप त्यांपैकी एक. तिच्यासाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंटमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडावा. डेबियनमध्ये ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हे पॅकेज बसवावे. एका कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले तर कोणालाच ते धड मिळत नाही, म्हणून हे पॅकेज ‘बी 43’सारख्या इतर मॉड्यूलांना काळ्या यादीत टाकते. पुढे कधी कार्ड बदलून दुसरे ब्रॉडकॉमचेच कार्ड बसवले आणि ते चालेना, तर ही जुनी काळी यादी तपासायला विसरू नये.

‘डीकेएमएस’ हे शेपूट ज्या पॅकेजला असते त्याचे मॉड्यूल आपल्याच यंत्रावर, आपल्याच कर्नलसाठी घडवले जाते आणि कर्नल बदलला की पुन्हा घडवले जाते. त्यासाठी त्या कर्नलचे ‘हेडर’ पॅकेज, म्हणजे मॉड्यूल घडवायला लागणाऱ्या फायलींचा संच, यंत्रावर असावे लागते. ते नसेल तर पुनर्घडण गुपचूप फसते आणि वापरणाऱ्याला एवढेच दिसते की अद्ययावत केल्यानंतर वाय-फाय गेले. अशा वेळी संगणक सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या पडद्यावरील यादीतून जुना कर्नल निवडावा, वाय-फाय परत येते का पाहावे आणि मग निवांतपणे हेडर बसवून घ्यावेत.

घरी घडवलेल्या या मॉड्यूलांना ‘सिक्युअर बूट’ या सुरक्षेच्या सोयीचाही अडसर असतो. सिक्युअर बूट सुरू असताना कर्नल केवळ विश्वासू किल्लीची सही असलेली मॉड्यूले स्वीकारतो. उबुंटू आणि त्याच्या कुळातील वितरणे ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड विचारतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो देऊन नवी किल्ली नोंदवायची असते. हा निळा पडदा काही सेकंदच थांबतो. चहाचा कप घ्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत तो निघून गेलेला असतो, किल्ली नोंदवली जात नाही आणि ‘मॉडप्रोब’ने मॉड्यूल चढवू पाहिल्यास किल्ली नाकारल्याचा संदेश येतो. ड्रायव्हर बसूनही चालत नसेल तर ‘मोकयूटिल’ या आज्ञेने सिक्युअर बूटची स्थिती पाहावी आणि किल्लीची नोंदणी पुन्हा करावी.

जुने सल्ले वाचताना त्यांची तारीख मात्र जरूर पाहावी. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्या ‘एनडीआयएसरॅपर’ची शिफारस कोणी करत असेल तर तो सल्ला फार जुना आहे असे समजून पुढे जावे.

नेटवर्के दिसतात, पण जोडणी होत नाही

इथून पुढे नेटवर्क मॅनेजरचे राज्य सुरू होते. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ या आज्ञेने प्रत्येक उपकरणाची अवस्था कळते. वाय-फाय कार्डाचे नाव तिथे ‘डब्ल्यूएलपी3एस0’ असे काहीसे दिसेल. तिसऱ्या बसवरील शून्याव्या खाचेतले बिनतारी कार्ड, असा त्याचा अर्थ. त्यासमोर ‘अनमॅनेज्ड’ असे लिहिलेले असेल तर नेटवर्क मॅनेजरने त्या कार्डाला हात न लावण्याचे ठरवले आहे. डेबियनवर स्थापनेच्या वेळी वाय-फाय वापरले आणि त्याची नोंद ‘इंटरफेसेस’ या जुन्या फाइलमध्ये राहून गेली की असे घडते. त्या फाइलमधून वाय-फायच्या ओळी काढून सेवा पुन्हा सुरू करावी.

पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर नेटवर्क मॅनेजरची नोंद ‘जर्नलसीटीएल’ने पाहावी. चार टप्प्यांचे हस्तांदोलन फसले असा उल्लेख असेल तर बहुधा पासवर्डच चुकलेला असतो. पासवर्ड बरोबर असल्याची खात्री असेल तर राउटरवरील सुरक्षेचा प्रकार पाहावा. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए 3 ही नवी सुरक्षा पद्धत निवडलेली असली की जुन्या कार्डांची पंचाईत होते. काही कार्डे तर डब्ल्यूपीए 2 आणि 3 यांच्या मिश्र पर्यायावरही अडखळतात. तात्पुरते डब्ल्यूपीए 2 ठेवून पाहिल्यास दोष तिथेच आहे का ते लगेच कळते. वसतिगृहे आणि कार्यालये यांच्या काही जाळ्यांत कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, नोंदवून मगच प्रवेश मिळतो. लिनक्स काही वेळा गोपनीयतेसाठी बनावट मॅक पत्ता सांगते आणि द्वारपाल ओळख देत नाही. त्या जोडणीपुरता खरा पत्ता वापरण्याची निवड करावी.

घरातल्या इतर सर्व फोनांना नेटवर्क दिसते आणि फक्त एका लॅपटॉपला दिसत नाही, या तक्रारीचे कारण अनेकदा चॅनेलमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातील ठरावीक खणात, असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात 1 ते 13 चॅनेल वापरता येतात, अमेरिकेच्या नियमावलीत मात्र लिनक्स 1 ते 11 एवढीच चॅनेल उघडते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला लॅपटॉप त्या देशाची नियमावली धरून बसला आणि पुण्यातल्या राउटरने आपसूक तेरावे चॅनेल निवडले, तर दोघांची गाठच पडत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा कार्ड सध्या कोणत्या देशाचे नियम पाळत आहे ते सांगते. उत्तर शून्य-शून्य असेल तर देश ठरलेलाच नाही आणि सर्वांत सावध नियम लागू आहेत. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ आणि त्यापुढे मोठ्या लिपीत आय-एन, अशी आज्ञा दिली की भारताचे नियम लागू होतात. पण इंटेलची बरीच कार्डे देश स्वतःच ठरवतात आणि ही आज्ञा जुमानत नाहीत. त्यापेक्षा राउटरवर 1, 6 किंवा 11 हे चॅनेल पक्के करून टाकणे सोपे.

जोडणी होते, पण तुटते किंवा रांगते

याचे सर्वांत नेहमीचे कारण वीजबचत हे आहे. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मध्ये मध्ये डुलकी घेते आणि काही चिपांना त्या डुलकीतून वेळेवर जाग येत नाही. ‘आयडब्ल्यू’च्या ‘पॉवर सेव्ह ऑफ’ या आज्ञेने ही बचत तात्पुरती बंद करावी आणि तासभर वापरून पाहावे. फरक पडला तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या वीजबचतीचा आकडा 3 ऐवजी 2 करावा. 3 म्हणजे बचत सुरू, 2 म्हणजे बंद. आकड्यांची ही निवड कोणाला सुचली असेल ते असो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच वाय-फाय जात असेल तर ‘मॉडप्रोब’ आज्ञेला ‘आर’ हा पर्याय देऊन मॉड्यूल उतरवावे आणि पुन्हा चढवावे. पूर्ण यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही.

राउटर शेजारीच असून सिग्नल क्षीण दिसत असेल तर अँटेनाचा विचार करावा. सिग्नल ऋण डेसिबल-मिलीवॉटमध्ये मोजला जातो: वजा 50 उत्तम, वजा 80 जेमतेम. रिअलटेकच्या आरटीएल 8723 बीई या चिपेला दोन अँटेनांची सोय असते, पण बरेच लॅपटॉप एकच अँटेना जोडून विकले गेले आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकाकडे कान लावून बसे. मॉड्यूलला ‘ॲन्ट सेल’ हा पर्याय 1 किंवा 2 असा देऊन पाहिल्यावर मंदावलेला सिग्नल एकदम उसळी घेतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथही बोलत असते आणि यूएसबी 3 ची उपकरणेही तिथे गोंगाट करतात, म्हणून पेनड्राइव्हला खेटून खोचलेले डोंगल हातभर लांबीच्या जोडकेबलने दूर करावे, किंवा शक्य असेल तिथे 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क वापरावे.

जोडणी पक्की आहे पण पाने उघडत नाहीत, अशा वेळी ‘पिंग’ पुरते. आधी राउटरच्या पत्त्याला, मग 1.1.1.1 सारख्या बाहेरच्या अंकी पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला हाक मारावी. राउटरच ओ देत नसेल तर दोष घरातल्या जोडणीत, अंकी पत्ता देत नसेल तर इंटरनेट पुरवणाऱ्याकडे, आणि फक्त नावालाच उत्तर येत नसेल तर डीएनएसमध्ये. शेवटच्या दोन स्थितींत वाय-फाय कार्ड बिचारे निर्दोष असते.

एवढे करूनही कार्ड वश होत नसेल, तर ते बदलणे हा पराभव नव्हे. बहुतेक लॅपटॉपांत ते एका स्क्रूवर बसवलेले एम.2 कार्ड असते आणि इंटेलचे एएक्स 200 किंवा एएक्स 210 लिनक्सवर भरवशाचे ठरलेले आहे. खरेदी करताना मात्र शेवटचा अंक नीट वाचावा. एएक्स 201 आणि एएक्स 211 ही कार्डे दिसायला सारखीच असतात, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरांत असतो. एएमडीच्या लॅपटॉपात ती मुळीच चालत नाहीत आणि इंटेलच्याही सर्व पिढ्यांवर चालत नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस परवानगीच्या यादीबाहेरचे कार्ड दिसताच सुरूच व्हायला नकार देते, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलबाबत ती चौकशी करावी. कार्ड काढताना लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा ओढून न काढता नखाने सरळ वर उचलाव्यात. कोणती तार कोणत्या टोकाला होती त्याचा फोनवर आधीच एक फोटो काढून ठेवावा.